पाय जर्मनीत, बाकीचा फीनाकडं

फीना हाबेट्सचं दार उघडायचं हॉलंडात आणि समोरच्या लाम्बेर्टचं जर्मनीत. मधे नुसता रस्ता. पूर्वी त्या रस्त्याच्या मधोमध गुडघाभर भिंत होती. ती पाडली तेव्हा फीनानं सगळ्या आळीला जर्दाळूचा केक वाटलेला. भिंत गेली, पहारा गेला, दोन्हीकडची नाणी एक झाली. बोली तर आधीपासून एकच. पुढं हिचा नवरा गेला, त्याची बायको गेली, आणि दोघं एका टेबलावर जेवायला लागली, मग फीनाच्या छपराखाली झोपायला. आळीनं आठवडाभर चघळलं आणि सोडून दिलं.

घोटाळा केला तो लाम्बेर्टच्या पायांनी. खाणीत झिजलेले ते पाय सुजायला लागले. त्यांवर रोज घट्ट मोजे चढवायचे, म्हणजे मांजराला अंघोळ घालायची. फीनाच्या वाकड्या बोटांना ते जमेना. जर्मनीकडून योलांता नावाची परिचारिका यायची ती त्यासाठीच. पण माणूस जर्मनीत राहत असेल तरच मदत, असा तिच्या कचेरीचा नियम. हॉलंडवाले म्हणायचे, माणूस तिकडचा, मोजे तिकडंच घाला.

मग फीनानं तोड काढली. रोज सकाळी लाम्बेर्टला चाकाच्या खुर्चीत घालायचं, रस्ता ओलांडून त्याच्या गारठलेल्या स्वयंपाकघरात बसवायचं, खाटेवरची चादर मुद्दाम चुरगाळायची. योलांता गेली की खुर्ची परत हॉलंडात, न्याहारीला.

"फीने, रोज वरात काढतीस माझी."

"मग गप मिरव की! नवरदेव कुठं बडबडतो?"

योलांता काही आंधळी नव्हती. एकदा खाटेवर हात फिरवून ती म्हणाली, "आजोबा, ही खाट बर्फासारखी आहे. वरून विचारणा झालीय. सोमवारी मी दुपारी येणार. तुम्ही घरात नसलात, तर इथं राहत नाहीत असं मला सांगावं लागेल."

मदत बंद, म्हणजे लाम्बेर्टच्या लेकीनं लांब कोलोन शहरात हेरून ठेवलेली वृद्धाश्रमातली खोली.

योलांता मूळची पोलंडची. त्या सोमवारी दुपारी ह्या रस्त्यावरून कार्निव्हलची मिरवणूक निघते, हे तिच्या ध्यानात नव्हतं. फीना जन्माची इथली, पण तिच्या डोक्यात भीतीशिवाय काहीच नव्हतं. त्यात लाम्बेर्ट वाटाण्याचं सूप संपवल्याशिवाय हलेना. फीनानं घाईघाईत स्वतःचा फुलाफुलांचा झगा त्याच्या अंगावर टाकला, दार उघडलं, तर समोर ढोल, ताशे, विदूषक आणि भोपळ्याएवढी नाकं!

पलीकडं योलांता लाम्बेर्टच्या दारात उभी. घंटी वाजवतेय.

फीनानं खुर्ची घुसवली. मागून बँडवाल्यांनी रेटलं. लोक कार्निव्हलची आरोळी देत ओरडले, "आलाफ! काय सोंग आणलंय!" लाम्बेर्टच्या मांडीवर गोळ्या-चॉकलेटं पडायला लागली. तो खुशीत हात हलवू लागला. सोंगांना बक्षिसं देणारा, पिसांची टोपी घातलेला एक पंच धावत आला.

"मावशी, सोंगाचं नाव काय?"

"सोंग तुझा बा! मोजे चढवायला नेतीय ह्याला. परदेशात!"

सगळी आळी पोट धरून हसली. योलांतानंही ऐकलं. गर्दीतून वाट काढत ती रस्त्याच्या मधोमध, जुन्या भिंतीच्या खुणेपाशी येऊन थांबली. फुलाफुलांच्या झग्याकडं पाहिलं. फीनाच्या पायातल्या सपातांकडं पाहिलं.

"सापडलात, आजोबा."

फीनानं खुर्चीचा ब्रेक दाबला.

"पाय पुढं करा," योलांता म्हणाली. "अजून थोडे. हां, आले जर्मनीत." आणि खुणेच्या आपल्या बाजूला गुडघे टेकून तिनं ढोलाच्या ठेक्यावर मोजे चढवले.

"अगं, पण तुझ्या साहेबाला काय सांगशील?" फीनानं विचारलं.

"पाय जर्मनीत होते म्हणून सांगीन. मला पायांचंच काम दिलंय, बाकीच्या माणसाचं नाही." ती उठली, गुडघे झटकले. "गावाकडं माझ्या आईची वेणी युक्रेनची एक पोरगी घालते, मावशी. ती कुणाच्या हद्दीत बसते, मी कधी विचारलं नाही."

पंचानं लाम्बेर्टच्या गळ्यात बक्षिसाची सॉसेजची माळ घातली.

तेव्हापासून रोज सकाळी खुर्ची मधल्या खुणेपाशीच थांबते. पावसात फीना छत्री धरते. एखादा पाववाला गाडी थांबवून भोंगा वाजवतो, तेव्हा लाम्बेर्ट पाय न हलवता ओरडतो, "थांब की लेका! सरहद्द बंद हाय!"