सुदानी वेल्डरचं रक्त

स्पिरिटचा वास आला की कुवेतच्या आमच्या लॅबमध्ये आलेला तो सुदानी वेल्डर आठवतो. सुटीवर गेला तेव्हा गावच्या इस्पितळाने त्याला नुसत्या मलेरियाच्या गोळ्या दिल्या होत्या. आम्हाला ब्लड कॅन्सरची शंका होती. तिसऱ्यांदा रक्त घ्यायला गेले, तर त्याने हात ओढून घेतला आणि साइटवर शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “सिस्टर, मेरा खून बेचती हो क्या?” मी त्याला मायक्रोस्कोपपाशी नेलं. जांभळ्या पेशींची दाटी त्याने बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, “कंपनी को बोलेगा?” “नहीं,” मी म्हणाले. त्याने बाही वर केली. पुढच्याच आठवड्यात, उपचार सुरू व्हायच्या आत, कंपनीने त्याला विमानात बसवलं. रिपोर्ट त्यांच्याकडे जाणार हे मला ठाऊक होतं. तरी रक्त मिळावं म्हणून मी खोटं बोलले, हे आजवर घरातही सांगितलेलं नाही.