‘नेहमीप्रमाणे’ खाणारे साडूभाऊ

कर्तव्य म्हणून जिलबी खाणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच होऊन गेला, आणि तो माझा साडू होता. हे वाचून आमचे नातेवाईक हसतील. त्यांच्या लेखी साडूभाऊ म्हणजे रक्तातली साखर काठावर आलेली असताना आणि दवाखान्याच्या आहाराच्या अभ्यासात नाव घातलेलं असताना रोज सकाळी बुढापारा मोहल्ल्यातल्या टपरीवर पोहा-जिलबी हाणणारा खादाड माणूस. ही ख्याती पसरवण्यात माझा वाटा मोठा आहे. लग्नाच्या मांडवात, बारशाला, साखरपुड्याला मी त्यांचे किस्से रंगवून रंगवून सांगितले. किस्से खोटे नव्हते, पण अर्धे होते. आणि त्या अर्ध्या किश्शांपायी त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या ताई, आत्ता आत्तापर्यंत त्यांच्यावर रागावून होत्या. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस राहिलेला नसताना रागावून होत्या. माझंही वय झालं. उरलेला अर्धा भाग सांगून टाकावा म्हणतो.

साडूभाऊ नापतौल खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची, खरी निघाली तर ठप्पा मारायचा, खोटी निघाली तर खटला भरायचा, यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावरही ते भाजीबाजारात शिरले की भाजीवाल्या गप्पा थांबवून ताठ बसत. कोणतीही वस्तू हातात घेतली की ते आधी तिचं वजन सांगत. माझ्या नातवाला बारशात त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी त्याला दोनदा वरखाली केलं, वजन सांगितलं आणि मग आशीर्वाद दिला. ते वजन दवाखान्याच्या कागदाशी जुळेना, तेव्हा शांतपणे म्हणाले, “दवाखान्याचा काटा तपासून घ्या.” शब्दाच्या बाबतीतही तोच प्रकार. अभनपूरच्या बाजारात एकदा एका धान्य व्यापाऱ्यानं त्यांच्यासाठी चहा मागवला. “तपासणी झाल्यावर घेतो,” असं ते म्हणाले. तपासणी दिवेलागणीपर्यंत चालली. व्यापाऱ्याची वजनं हलकी निघाली, खटल्याचा कागद लिहून झाला, त्याचं तोंड एवढंसं झालं, आणि मग साडूभाऊंनी तो साय धरलेला गार चहा त्याच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. घेतो म्हटलं होतं ना!

अशा माणसाला डॉक्टरांच्या अभ्यासात घेताना डॉक्टरांनी विचार करायला हवा होता. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं हा अभ्यास काढला होता. आपल्याकडची माणसं तिन्ही त्रिकाळ भात खातात. त्याऐवजी कोदोसारखं भरड धान्य, डाळी आणि भाज्या वाढवल्या, गोड बंद केलं, तर वर्षभरात साखर, चरबी आणि पोटाचा घेर यांत काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. आमच्या मोहल्ल्यात तपासणीचं शिबिर झालं, त्यात आम्हा दोघांचीही साखर काठावर निघाली. नाव घालायला साडूभाऊ माझ्याआधी धावले. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साखरेपायी कापावा लागला होता. “भाऊ, मले दोन्ही पायांवर जायचं आहे,” असं ते मला रांगेत म्हणाले होते. हे वाक्य मी किस्से सांगताना नेहमी गाळत आलो.

तरुण डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. अर्ध्या लोकांनी आहार बदलायचा, अर्ध्यांनी बदलायचा नाही. कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवणार. मला बदलाचा गट मिळाला. साडूभाऊंना त्या म्हणाल्या, “अंकल, आप जैसा रोज़ खाते हैं, वैसा ही खाइए.” त्यांनी सगळ्यांना सर्वसाधारण पथ्याचा एक कागद दिला, आणि वाटेल तेव्हा अभ्यास सोडता येईल हेही सांगितलं. साडूभाऊंनी मान डोलावली.  परतताना रिक्षा बुढा तलावापाशी आली तसा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“भाऊ, आमच्या खात्यात पितळेची वजनं राहते, मखमलीच्या पेटीत. त्यानं कोणी कांदे तोलत नाही, काही नाही. पण बाकीची सारी वजनं त्याच्यासंग लावून पाहतात. ते झिजलं तं साऱ्या जिल्ह्याचं माप गेलं. डॉक्टरबाईनं आज मले ते वजन केलं.”

मी इतका हसलो की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

त्या दिवसापासून ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द त्यांच्या घरात देवघरातल्या मूर्तीसारखा बसला. ताईंनी काळजीनं भात कमी वाढला की ते ताट पुढे सरकवून थांबत. ताईंनी चहात साखर कमी घातली की एका घोटात ओळखत आणि “हे नेहमीचं नाही” म्हणून डबा मागवत. पुतण्याच्या लग्नात आग्रहाचा दुसरा लाडू त्यांनी नाकारला, तेव्हा ताईंना वाटलं, सुधारले. तर ते म्हणाले, “मी लग्नात एकच खात असतो.” आणि पहिला लाडू मात्र सोडायला तयार नाहीत. एकदा पोट बिघडलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही, तर स्वतःहून डॉक्टरबाईंना फोन करून, मोठा अपराध घडल्यासारखं, भात राहून गेल्याचं कळवलं. सकाळची जिलबी तर त्यांची तरुणपणापासूनची. स्कूटर त्याच गल्लीतून, त्याच टपरीवर. ताई दारात उभ्या राहून ओरडत, “जा, जा! भावाचा पाय पाहूनही अक्कल नाही येऊन राहिली!” ते मागे न पाहता स्कूटर चालू करत.

इकडे माझा गट फळाला येत होता. कोदोचा भात, मुगाचा चीला म्हणजे धिरडं, दुधी, फिरायला जाणं. पँट ढिली झाली, रिपोर्ट सुधारला, आणि माझ्या जिभेला धार आली. कुठल्याही कार्यात मी उभा राहिलो की भोवती माणसं जमत. “माझं विज्ञान दुधीवर चालतं, साडूभाऊंचं जिलबीवर,” असं मी म्हणायचो. लोक पोट धरून हसायचे. साडूभाऊही हसायचे, जरा उशिरा. ताई तेवढ्या हसत नसत.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. भेट झाली की ते मला बाजूला घेऊन विचारत, “आज काय खाल्लं?” मी कंटाळून सांगायचो. ते खोदून खोदून विचारायचे. कोदो मोकळा होतो का? डाळीत काय घालता? चीला कडक की मऊ? उपासाच्या दिवशी माणूस शेजारच्या स्वयंपाकघराचा वास घेतो, तसे ते माझ्या पथ्याचं वर्णन ऐकत. मला वाटायचं, चिडवताहेत.

मधल्या तपासणीला आम्ही बरोबर गेलो. त्यांची साखर काठाच्या अलीकडेच होती, पण वर सरकलेली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अंकल, मीठा छोड़ना है तो छोड़ दीजिए. आपको कोई नहीं रोकेगा.”

साडूभाऊ खुर्चीत पुढे सरकले. “छोड़ा तो मेरे को कौन से ग्रुप में गिनेंगे?”

“उसी में, जिसमें आप हैं. जो जिस ग्रुप में आया, आख़िर तक उसी में गिना जाता है.”

“मतलब खाऊँगा कोदो, और गिनती होगी जलेबी में?”

“ऐसा ही नियम है, अंकल. कुछ लोग तो बदलते ही हैं. इसलिए तो इतने सारे लोग लेते हैं.” बाई समजुतीनं हसल्या. “सेहत पहले है. आप ज़रूर बदलिए.”

बाहेर जिन्यावर येताच साडूभाऊंचा आवाज चढला. “भाऊ, हे तं काटा मारणं झालं! माल एक, पावती दुसऱ्याची!”

मी म्हणालो, “अहो, त्यांचा नियम आहे. हजारदा विचार करून केला असेल.”

“असन. पण मले माहीत असून मी त्या पारड्यात खोटा बसू?”

हा किस्सा मी पुढे निदान वीस मांडवांत सांगितला असेल. तो नेहमी इथे, टाळ्यांवर संपायचा.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळच्या फेरफटक्यात मी बुढापाऱ्यातून जात होतो. टपरीच्या कडेला साडूभाऊ एकटेच बसलेले दिसले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांनी जिलबीचा तुकडा मोडला, डोळे मिटले, तुकडा तोंडात टाकला आणि वरून पाण्याचा घोट घेतला. लहानपणी आपण कडू गोळी अशीच गिळायचो. कढईमागून टपरीवाला छत्तीसगढीत म्हणाला, “का कका, मजा नइ आवत हे का?” साडूभाऊ म्हणाले, “हव, आवत हे,” आणि पुढचा तुकडा उचलला.

मी जवळ जाऊन बसलो. चोरी पकडली गेल्यासारखे ते बघत राहिले.

“आवडत नाही तर खाता कशाला?”

“आवडत होती. ज्या दिवशी बाईनं आकडा दाखवला, त्या दिवशीपासून उतरत नाही घशाखाली. भावाचा पाय दिसते.”

“मग सोडा ना! डॉक्टर सांगताहेत, ताई सांगताहेत...”

“भाऊ, तुमचं पोट कमी झालं. ते कोदोनं झालं का आपोआप झालं, हे पाहायले कोणीतरी जसाच्या तसा राहाले पाहिजे का नाही? सारेच बदलले तं तुमची तुलना कोणासंग करतीन?” मग माझा हात धरला. “हिले सांगू नका. ती आजच डॉक्टरबाईच्या डोक्यावर जाऊन बसन. वर्ष भरू द्या. मग पाहा, दुधीशिवाय घरात काही येऊ देणार नाही.”

मी शब्द दिला. शब्द पाळणं मला तेव्हा सोपं गेलं, कारण मांडवातला किस्सा शाबूत राहत होता.

वर्ष भरलं. शेवटच्या तपासणीचं रक्त देऊन ते तडक माझ्या घरी जेवायला आले. कोदो, वरण आणि दुधीची भाजी, तीनदा मागून घेतली. बायको म्हणाली, “तुम्ही आजारी आहात का?” ते नुसते हसले. दुसऱ्या दिवसापासून टपरी बंद, साखरेचा डबा बंद. आकडा हळूहळू उतरू लागला होता. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली, त्यात ते गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या तापाचा आणि जिलबीचा संबंध नव्हता. पण ते कोण ऐकणार? घाटावरच कोणीतरी म्हणालं, “जिलबीनं नेलं.” आणि कोणीतरी माझाच किस्सा पुढे केला.

ताईंनी तेच धरून ठेवलं. शेवटी त्यांनी गोड सोडलं ते ताईंच्या मते घाबरून, आणि उशिरा.

यंदाच्या पितृपक्षात त्यांच्या तिथीला मी गेलो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानात वाढायची रीत. ताईंनी पान वाढलं, वर टपरीवरून आणवलेली जिलबी ठेवली, आणि फोटोकडे न बघता म्हणाल्या, “घ्या. हिच्यासाठी माझं ऐकलं नाही, आता पोटभर खा.”

मला गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. भावाचा पाय, पितळी वजन, जिन्यावरचं भांडण, पाण्याबरोबर गिळलेले तुकडे.

ताई वाटी हातात धरून उभ्या होत्या. “मले काहून नाही सांगितलं?”

“त्यांनी शब्द घेतला होता.”

“अन् ते गेल्यावर, भाऊजी? तेव्हा कोणाचा शब्द होता?”

 

त्यांनी वाटी खाली ठेवली. फोटोसमोर गेल्या आणि कमरेवर हात ठेवून चांगला खणखणीत आवाज लावला, “इतकं मोठं काम घरात बसून करून राहिले होते, अन् मले दारात उभं राहून बोंबलू दिलं? एक शब्द नाही बोलवला तुमच्यानं?” बोलता बोलता आवाज मऊ झाला. मग त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. “डॉक्टरबाईले काय म्हटलं त्यांनी? पहिल्यापासून सांगा.”

मी सांगू लागलो. काटा मारण्यापाशी आलो तेव्हा ताई हसल्या, अगदी मोकळ्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि पदराआडूनच म्हणाल्या, “पुढं?”

पुढचं सगळं त्यांना ठाऊक होतं. तरी मी सांगत राहिलो.