नावाच्या जागी नंबर

आपल्या माणसांची नावं कुणीतरी काढून नेली आणि तिथं नंबर ठेवून दिले. ज्यांनी हे केलं, त्यांना अजून कुणी जाब विचारलेला नाही. लढाई सुरू झाल्यापासून 'नंबर' या एका शब्दाचे इतके किस्से साठलेत, की आम्ही मित्र जमलो की दुसरं बोलणंच होत नाही.

*

सांगलीत रॉकेलच्या रांगेत माणसं नसतातच, डबे असतात. डबा ठेवायचा आणि घरी जायचं. नंबर लागलेला राहतो. एकदा मी चिडून एका आजोबांना म्हणालो, निदान तुम्ही तरी स्वतः उभे राहा. ते शांतपणे म्हणाले, "मी म्हातारा हाय. डबा नवा हाय, त्यो उभा ऱ्हाईल."

*

माधवनगरला गिरणीजवळ तीन म्हातारे एकाच चष्म्यातून लढाईच्या बातम्या वाचत. नंबर एकाचाच, बाकी दोघांना अक्षरं धुरकट दिसत. डोळे बिघडतील, असं मी सांगून पाहिलं. त्यांतला एक म्हणाला, "पोरगं ब्रह्मदेशात हाय माझं. धुरकट दिसतंय तेच बरं."

*

माझा मित्र दिनकर बेचाळीसच्या चळवळीत पकडला गेला आणि दोन वर्षांनी सुटला. घरी आईनं तीनदा हाक मारली, तरी मान वर करीना. शेवटी बहिणीनं गंमत म्हणून त्याचा तुरुंगातला नंबर पुकारला. हा ताटावरून ताडकन उठून उभा राहिला. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

*

साताऱ्यात मी आणि तात्या, एक पेन्शनर हवालदार, शिपायांच्या घरच्यांना अर्ज लिहून देत असू. होळीनंतर एक तरुण बाई सासऱ्याबरोबर आली. नवऱ्याचं आठ महिने पत्र नव्हतं. मी नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर सावरून त्याचा पलटणीतला नंबर सांगितला, एक आकडा न चुकता. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, अशी तिच्याकडची समजूत.

नंबरावरूनही शोध लागतो, हे मला ठाऊक होतं. सासराही नाव सांगायला पुढं झाला होता. पण मी हट्टाला पेटलो. तुमचा नवरा माणूस आहे, आकडा नाही, असं बरंच काही सुनावलं. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघत होता. मग ती हळूच म्हणाली, "मारुती."

अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उत्तर आलं. मारुती गेला होता. ती दोघं आली तेव्हा तात्यांनीच सांगितलं. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कवा गेलं? मी नाव घ्यायच्या आदी, का मागनं?"

पत्र माझ्या हातात होतं. तिनं नाव घेतलं, त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख होती. खोटं बोलायचं नाही, अशी माझी प्रतिज्ञा. आणि खरं जिभेवर येईना. तात्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, तारखेवर अंगठा ठेवला आणि वाचल्यासारखं करून म्हणाले, "संक्रांतीलाच गेला गं पोरी. तू हितं यायच्या लय आदी."

ती पायरी उतरून गेली. सासरा मागं थांबला. त्याची नजर तात्यांच्या अंगठ्यावर होती. तात्या कागदाची घडी करून त्याला देऊ लागले, तर त्यानं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या हितंच, हवालदार. तिच्या धाकट्या नणंदंला वाचता येतंय."