नंबर नसलेला साचा

दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ती वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. सगळा भाग त्यांना कवळीकाका म्हणूनच ओळखायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि काका घरातल्या मागच्या खोलीत बसून त्या मापांच्या कवळ्या करायचे; कवळी कुठे लागली, तर गिऱ्हाइकं सरळ त्यांच्याकडेच यायची. चाळीस वर्षं हेच काम. रस्त्यात कुणी भेटलं, तर काकांची नजर आधी तोंडाकडे जायची आणि मग चेहऱ्याकडे. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माणसं उगाचच ओठ मिटून हसायची.

कवळी गिऱ्हाइकाकडे जायची, पण तिचा साचा काकांकडे राहायचा. साचा म्हणजे त्या माणसाच्या हिरड्यांची आणि टाळूची प्लास्टरमधली हुबेहूब प्रत. कवळी पडली, फुटली, कुत्र्यानं पळवली, तर त्याच साच्यावर नवी करता येते. म्हणून काकांनी एकही साचा कधी टाकला नाही. मागच्या खोलीच्या तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर चारशेच्या वर माणसं आ वासून बसली होती. प्रत्येकाच्या बुडाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि त्या नंबरापुढचं नाव वहीत.

आता हे घर सोडायचं होतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. तीन मजले चढून आलं की काकांचे गुडघे बोलायला लागत आणि घरात बोलणारं तेवढंच काय ते उरलं होतं. लेक दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी काका हो म्हणाले. तिच्याकडे त्यांना एक खोली मिळणार होती, एक खिडकी आणि भिंतीतलं एक कपाट.

“तीन खोकी, बाबा,” लेकीनं फोनवर बजावलं होतं. “चौथं आणलंत, तर तुम्हाला त्यातच झोपावं लागेल.”

“मोठं आणू का मग चौथं?”

“हसू नका. शनिवारी सकाळी टेम्पो येतोय. तोवर ती मागची खोली रिकामी पाहिजे.”

तीन आठवडे काका घर आवरत होते. पलंग गेला, जेवणाचं टेबल गेलं, काकूंचं शिलाई मशीन खालच्या मजल्यावर गेलं. सामान कमी होत गेलं तसं घराला वेगळंच काही व्हायला लागलं. काका खोकले, की पलीकडच्या खोलीत दुसरं कुणीतरी खोकल्यासारखं वाटायचं. पहिल्या दिवशी तर त्यांनी “कोण आहे?” असं विचारलंही. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी रेडिओ लावला, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओही देऊन टाकला.

भंगारवाल्यानं मागच्या खोलीच्या दारात उभं राहून फळ्यांकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. “काका, पत्रा द्या, पेपर द्या, बाटल्या द्या. एवढी माणसं मी कुठे खपवू?”

“निम्मी तर वर गेलीत केव्हाच.”

“मग तर बिलकूलच नको.”

तेव्हा साचे कचऱ्यातच टाकायचे ठरलं. रोज दोन बादल्या भरून दाराबाहेर ठेवायच्या आणि जिना झाडणारी बाई त्या खाली नेणार. काकांनी नियम केला होता. एकेक साचा उचलायचा, बुडावरचा नंबर वाचायचा, वहीत नाव बघायचं, नावावर रेघ मारायची आणि मग टाकायचा. वेळ जायचा, पण तसंच फेकून द्यायला हात धजावत नव्हता. हे पोस्टमास्तर, यांना शीळ घालता येईना म्हणून तीनदा आले होते. या शाळेतल्या बाई, दात थोडे वाकडे करा म्हणाल्या, म्हणजे खरे वाटतील. काका एकटेच हसायचे आणि रेघ मारायचे.

सगळे जाणार होते, पण एक साचा बरोबर न्यायचा होता, काकूंचा. तिसऱ्या खोक्यात त्याच्यासाठी स्वेटरच्या घडीत जागाही करून ठेवली होती. घोळ असा झाला होता, की नेमका त्याच साच्याला नंबर नव्हता.

काकूंचं माप काकांनी स्वतः घेतलं होतं. प्लास्टर वाळल्यावर काकूंनी साचा उलटा करून पाहिला होता.

“अहो, मला नंबर नाही?”

“तुला कशाला नंबर? तू कुठे हरवणार आहेस?”

तेव्हा ते खरंच होतं. साचा कुठल्या फळीवर कितवा आहे, हे काकांना डोळे मिटून सांगता आलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी वरच्या घरातलं पाणी झिरपून दोन फळ्या भिजल्या. फळ्यांवर पाणी साठलं, साठेक साच्यांच्या चिठ्ठ्या सुटून वाहून गेल्या. काकांनी साचे घाईघाईत उचलून पुसले आणि हाताला येतील तसे परत मांडले. त्या साठांत काकूही होत्या. काकांनी मनाला लावून घेतलं नाही. चाळीस वर्षं माणसांच्या टाळूवरून अंगठा फिरवणाऱ्याला बायकोची टाळू ओळखता येणार नाही होय?

शुक्रवारी सकाळी त्यांनी त्या साठांना हात घातला. डाग पडलेले आठ-दहा आधी उचलून थेट दाराबाहेरच्या भरत आलेल्या बादलीत टाकले. मोतीबिंदूमुळे काकांना रंग धड दिसत नसत, पण डाग म्हणजे बुरशी, त्यात बघायचं काय? उरलेले पन्नास त्यांनी खिडकीखाली फरशीवर मांडले आणि एकेक मांडीवर घेऊन अंगठ्यानं चाचपायला लागले. टाळूवरच्या वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. काहींच्या उथळ, काहींच्या अगदी नांगरल्यासारख्या. काकूंच्या कशा होत्या?

दुपारपर्यंत तीन साचे बाजूला निघाले. तिन्ही लहान, बायकी. काकांनी तिन्ही ओळीत ठेवले, डोळे मिटले, पुन्हा अंगठा फिरवला. पहिला वाटला, मग तिसरा वाटला. मग कुठलाच वाटेना. चेहरा आठवत होता, आवाज आठवत होता, चावी लावताना ओठ दुमडायची तिची लकबही आठवत होती. पण ज्या एका गोष्टीत आपल्याला सगळा भाग मानतो, तिथेच अंगठा मुका झाला होता. कुठला तरी एक उचलून स्वेटरमध्ये गुंडाळता आला असता. लेकीला काय कळणार? पण परक्या बाईचा जबडा जन्मभर उशाशी घेऊन बसायचं, हे काकांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. जिना झाडणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“काका, ही बादली आहे का विहीर? माझा खांदा निखळला, तर तुमच्या कवळीनं बसणार नाही तो. निम्मी करा, मग नेते.”

“करतो बाई, करतो.”

“आणि उद्या जाणार ना तुम्ही? निघायच्या आधी मला हाक मारा,” ती झाडू उचलत म्हणाली आणि खालच्या मजल्याकडे वळली.

काका दुसरी बादली घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसले. जिन्याच्या मोठ्या खिडकीतून तिथे लख्ख उजेड येत होता. ते वरचे साचे काढून दुसऱ्या बादलीत ठेवू लागले. चौथा का पाचवा साचा हातात आला आणि ते थबकले. डाव्या बाजूला, अगदी मागे, डाग होता. खोलीत तो काळा दिसला होता. इथे तो जांभळा दिसत होता.

बुरशी जांभळी नसते. जांभळी असते ती पेन्सिल. कवळी कुठे लागते ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही, म्हणून काका त्या जागी हिरडीवर एका खास पेन्सिलीनं खूण करत. ओल लागली की पेन्सिलीचा रंग जांभळा उमटतो. कवळी बसवली की खूण कवळीवर उतरते आणि तेवढीच जागा घासता येते. ती पेन्सिल मागच्या खोलीत खिळ्याला दोरीनं टांगलेली असायची. कुणीही घ्यावी अशी.

काकांनी साचा उलटा केला. बुडाला चिठ्ठी चिकटवल्याची खूण नव्हती. त्याच पेन्सिलीनं लिहिलेली तीन शब्दांची ओळ होती. ओलीनं अक्षरं फुगली होती, पण वळण काकूंचं होतं.

*इथे अजून लागतं.*

काका पायरीवरून उठले नाहीत.

काकूंनी त्यांना तीनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “आठ दिवस वापर, सवय होईल.” ते सगळ्यांनाच तसं म्हणत. आठ दिवसांनी काकू म्हणाल्या, “अहो, डावीकडे मागे अजून लागतेय.” “बोलत जा जास्त, म्हणजे बसेल.” “जास्त बोलले तर तुम्हीच म्हणाल, काढून ठेव.” दोघंही हसले होते. तिसऱ्यांदा डॉक्टरांचं घाईचं काम हातात होतं. “रविवारी बघतो,” काका म्हणाले. मग तो रविवार गेला, त्यापुढचेही गेले आणि काकू पुन्हा काही बोलल्या नाहीत.

बोलल्या नाहीत, ते असं. साच्यावर खूण करून, खाली लिहून, त्यांनी तो परत फळीवर ठेवला होता. कधीतरी यांच्या हाताला येईल, कारण यांचं सगळं लक्ष तिथेच असतं. पण काकूंची कवळी कधी पडली नाही की फुटली नाही, त्यामुळे साचा खाली काढायची वेळच आली नाही.

आणि काका गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या घरातच विचारा ना. पहिले आठ दिवस कुरकुर केली, आता तोंडात कवळी आहे हेसुद्धा ती विसरली.” स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा नाही. काकू त्यांच्यानंतर जेवायच्या, आत, भिंतीकडे तोंड करून. सफरचंद चमच्यानं खरवडून खायच्या. काकांना वाटायचं, लाजते. शेवटच्या दिवशी, तोंड बसलेलं तिला आवडायचं नाही म्हणून, काकांनी स्वतःच्या हातानं तीच कवळी तिला बसवली होती.

जिना झाडणाऱ्या बाईनं खालून हाक मारली, “झाली का निम्मी?” काका हो म्हणाले. बादल्या खाली गेल्या. ते तीन साचेही गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. “सापडला का आईचा?”

“सापडला.”

“मग खोकं चिकटवून टाका.”

“नको. थोडं काम राहिलंय त्याच्यावर.”

“आता कसलं काम, बाबा?”

“लागत होतं तिला. डावीकडे, मागे.”

लेक हळूच म्हणाली, “पण ते तुम्हाला माहीत होतं ना? ती म्हणाली होती मला, यांना सांगितलंय म्हणून.”

“हो,” काका म्हणाले. “सांगितलं होतं.”

अवजारं त्यांनी आधीच एका नव्या कारागिराला देऊन टाकली होती. खणात गुलाबी मेणाचा तळहाताएवढा तुकडा तेवढा पडून होता. साच्यावर एखाद्या जागी मेणाचा पातळ थर दिला, की त्यावर केलेली कवळी त्या जागी टेकत नाही. साधं काम, दहा मिनिटांचं. शेगडीही गेली होती. उद्या सकाळी शेजारून येणाऱ्या चहाला म्हणून एक चमचा मागे ठेवला होता, तो काकांनी काड्यापेटीच्या काडीवर तापवला. एक काडी विझली, दुसरी पेटवली. मेण चमच्यात वितळलं. ते त्यांनी जांभळ्या डागावर ओतलं आणि अंगठ्यानं कडा साफ केल्या. कागदाएवढा थर, सगळीकडे सारखा. चाळीस वर्षांचा हात होता, चुकला नाही.

मग साचा समोर धरून, सवयीनं मान थोडी तिरकी करून, गिऱ्हाइकाला म्हणायचे तसं ते म्हणाले, “आता बघ बरं.”

रिकाम्या खोलीनं त्यांचाच आवाज परत दिला. मेण थंड होईपर्यंत काका तसेच उभे राहिले.