घरभर केस

निमगाव सावात कुणाच्या घरी पाळणा हलला, की बाळाला न्हाऊ घालायला बोलावणं जातं ते सारजाबाईंना. पाय लांब पसरून, नडग्यांवर बाळ पालथं घालून त्या असं काही चोळतात, की बाळ आधी गाव डोक्यावर घेतं आणि मग दुपारभर ढाराढूर झोपतं. गावातली निम्मी तरणी पोरं या नडग्यांवरून उतरलेली. ग्रामपंचायतीचा एक सदस्य सभेत फार लांबण लावायला लागला, तर बायकांतून आवाज येतो, "बस रं खाली, तुला मी नागडा बघितलाय." सदस्य मुकाट बसतो.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात नात आली, म्हणजे त्या थाटाला काही सुमारच नव्हता. समृद्धीला लोकरीचं टोपडं, लोकरीची अंगडी, पायात लोकरीचे मोजे. जानेवारीची थंडी. पोरगी गुंडाळली, की नुसतं नाक तेवढं बाहेर.

सून स्नेहल ही त्यांनी निवडलेली, आणि निवडलेली ती वेणीवरून. पाहायला गेल्या तेव्हा पोह्यांची बशी बाजूला सारून आधी तिला पाठमोरी व्हायला सांगितलं होतं. कमरेखाली जाणारी वेणी! मग ती वेणी गावभर सांगून झाली. पाण्याच्या टाकीवर, दळणाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात.

आणि समृद्धी चौथ्या महिन्यात शिरली तशी ती वेणी गळायला लागली.

थोडी नाही, मुठीमुठीनं. फणीत केस, मोरीच्या जाळीत केस, नवऱ्याच्या, पप्पूच्या शर्टाच्या गुंडीला केस. स्नेहल भाकरी थापताना डोक्याला फडकं बांधायची, तरी परातीत एखादा निघायचाच. एकदा सासऱ्यांच्या, भिमाजींच्या चहात निघाला. त्यांनी तो दोन बोटांत धरून उजेडात उंच केला आणि म्हणाले, "चहात दूध कमी न् माल जास्त झालाय आज." स्वतःच हसले. स्नेहल चूल फुंकत राहिली; चूल चांगली पेटलेली होती.

आरोग्य केंद्राच्या आशाताई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर व्हतं असं. येत्यात परत." स्नेहलनं मान हलवली. पण कपाळाच्या दोन्ही बाजू उघड्या पडत चालल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती डोकं दुखतंय म्हणून गेली नाही. अंथरूण झटकायची, उशी झटकायची, पुन्हा झटकायची. तरी सकाळी केस असायचेच.

सारजाबाईंचं म्हणणं वेगळं होतं. वेणीला नजर लागली. आणि ती लावली कुणी? त्यांनी स्वतःच तर गावभर दाखवली! ही गोष्ट त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण आत कुठेतरी कुरतडत राहिली. केसाला लागलेली नजर पोरीकडे सरकायला कितीसा वेळ? उसाच्या कडेनं बिबट्याचे ठसे दिसल्यापासून गावात दिवेलागणीलाच दारं लागत. सारजाबाई म्हणायच्या, "बिबट्याला घाबरायचं काय? दार लावलं की झालं." मग त्या समृद्धीच्या गालावर काजळाची तीट लावायच्या. पुढे कपाळावर, पुढे तळपायावर. पोरीपेक्षा तीटच जास्त दिसायला लागली.

एके दिवशी सकाळीच न्हाणं झालं, मोजे चढले, आणि समृद्धी रडायला लागली.

भुकेचं रडणं, पोटदुखीचं रडणं, झोपेचं रडणं, नुसतं आजोबांना छळण्याचं रडणं, सगळी सारजाबाईंना पाठ. हे मात्र ओळखीचं नव्हतं. उंच, चिरत जाणारं. पोटाला हिंग लावलं, ओव्यानं शेकलं. फरक नाही. स्नेहलनं पाजायला घेतलं तर पोरीनं तोंड फिरवलं.

"आली," सारजाबाई पुटपुटल्या. "पोरीवर आली."

मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्यांनी दृष्ट काढली आणि मूठ चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या. घरात कुणालाही ठसका लागला नाही. ठसका न लागणं म्हणजे दृष्ट जबर. सारजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पोरीला आणखी एका दुपट्यात गुंडाळलं.

रडून रडून समृद्धी थकली आणि गप्प झाली.

"बघा, उतरली," सारजाबाई म्हणाल्या. भिमाजी "सुटलो बाबा" म्हणत कांद्याला पाणी द्यायला गेले. स्नेहल मात्र जागची हलली नाही. पोरीचे ओठ झोपेतही थरथरत होते.

"आई, मोजं काढून बघू का?"

"येडी का काय? आत्ता दृष्ट काढलीय. आज उघडं नाय करायचं तिला."

दुपार कलायला लागली. दुपट्यावरून सहज तिचा हात पोरीच्या उजव्या पायाला लागला आणि समृद्धी अशी किंचाळली, की ओसरीवरचं मांजर पळालं.

"आई, पाय! पायालाच काहीतरी झालंय!"

सारजाबाईंनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग पोरीकडे. आपलाच नियम मोडायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांनीच दुपटं फेडलं आणि मोजा ओढला.

अंगठ्याशेजारचं बोट जांभळासारखं झालं होतं. टम्म सुजलेलं, चकाकणारं. बुडाशी खोल खाच. खाचेत काय आहे ते दिसत नव्हतं. सारजाबाईंनी चष्मा लावला. "दोरा न्हाई. काय चावलं का?" त्यांनी मोजा झटकला, पण तो पायापासून सुटेना. कशानं तरी अडकला होता.

स्नेहलनं मोजा उजेडात धरला. त्यातून एक काळी, लांब रेघ निघून पोरीच्या बोटाकडे गेली होती.

तिचा हात आपोआप स्वतःच्या डोक्याकडे गेला.

सारजाबाईंनी केस तोडून मोजा सोडवला. बोटाला तेल लावलं, नखानं वेढा उचलायला गेल्या. नख शिरेना. स्नेहलनं केसाचं टोक चिमटीत धरलं, तसा पोरीनं श्वासच ओढला.

"वढू नको! आणखी रुततोय. पप्पूला हाक मार!"

पप्पूच्या मोटरसायकलवर मध्ये पोरीला घेऊन स्नेहल आणि मागे सारजाबाई, अशी वरात नारायणगावच्या दवाखान्याकडे निघाली. वारा बोचत होता. वाटेत समृद्धीचं रडणं बारीक होत गेलं, आणि ते बारीक होणं दोघींनाही सहन होईना.

"आई, माझाच केस," स्नेहल म्हणाली.

सारजाबाईंना ऐकू गेलं. त्यांच्या डोळ्यांपुढे सकाळचा निखारा होता.

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "दोन-तीन वेढे आहेत. सकाळपासून रडतेय म्हणता? मग इतका उशीर का केला?"

स्नेहलनं खाली पाहिलं. पप्पूनं बायकोकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून, आता विचारतोच अशा बेतानं.

"मी केला," सारजाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "ती म्हनत व्हती मोजं काढू. मी न्हाई काढू दिलं. मी दृष्ट काढत बसले. तिच्याकडं नको बघूस पप्पू, माझ्याकडं बघ."

पप्पूनं आठी काढून घेतली. डॉक्टरांनी बारीक पातं घेतलं. स्नेहलनं पाय धरला, सारजाबाईंनी डोकं. पोरगी किंचाळली आणि पात्याच्या टोकाला केसाचा ओला तुकडा आला. मग दुसरा.

"आता रंग येतो का बघू," डॉक्टर म्हणाले. "लगेच काही सांगता येत नाही. थांबा इथेच."

बाहेरच्या बाकावर स्नेहल पोरीला पाजत बसली. समृद्धी हुंदके देत का होईना, पीत होती.

"मी डोकंच भादरून घेते," स्नेहल रडत म्हणाली.

"घे. मग मी पन घेते. दोघी टकल्या बघून ह्यो घर सोडून पळंल," सारजाबाईंनी पप्पूकडे हनुवटी केली. स्नेहल हसली नाही, पण रडायची थांबली.

बोटाच्या बुडाशी, खाचेच्या वर, किंचित लाली दिसल्यासारखी वाटत होती. टोक अजून काळंनिळंच होतं. पप्पूनं आपलं स्वेटर काढून पोरीच्या पायावर घालायला पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे," सारजाबाईंनी त्याचा हात मागे सारला. त्यांनी उघडं पाऊल तळहातावर घेतलं, चष्मा पुसला, आणि त्या टोकाकडे डोळे लावून बसल्या.