पाच कोपऱ्यांची गादी

"बॅट टाक अन् पय!"

इथे आखातात उन्हाळ्यात, सुट्टीच्या शुक्रवारी पहाटे पाचला बुदैयाच्या रस्त्यालगतच्या मोकळ्या मैदानातून ही आरोळी यायची. वऱ्हाडी माणूस. पळ म्हणायचा नाही, पय म्हणायचा. दोन्ही हात डोक्यावर ठेवून ओरडायचा, कारण समोरचा पोरगा चेंडू टोलवून बॅटसकट धावत सुटलेला असायचा.

आपली पोरं क्रिकेटची. बेसबॉलात बॅट टाकून पळायचं असतं, हे त्यांच्या हाडात नाही. एकाने तर पहिल्या गादीजवळ, म्हणजे बेसजवळ, येऊन क्रिकेटसारखी बॅट लांबून टेकवली आणि ऐटीत उभा राहिला. हा वऱ्हाडी मटकन खाली बसला. "अरे बाबू, बॅट आउट होत नाही, तू होतोस. पाय टेकव!"

टीमच्या पोरांनी मला इथल्या आपल्या लोकांसाठी टीमचा इतिहास लिहायला सांगितलाय. माझं शिक्षण सातवी. तारखा माझ्याकडे नाहीत. पण तुम्हीही त्या रस्त्याने गाड्या नेल्यात, तुम्ही त्याला पाहिलंय. टीमचा इतिहास म्हणजे तो माणूस. दुसरं काही नाही.

आमच्या कंपनीत तो एसी दुरुस्त करायचा, मी सुतारकाम. अमरावतीच्या कॉलेजात असताना बेसबॉल खेळलेला. इथे त्याने पाहिलं की आपल्या लोकांची पोरं पुण्या-नागपुरात कॉलेजला जातात, सुट्टीत आईबापांकडे येतात आणि गुदैबियाच्या फ्लॅटात मोबाईल बघत लोळतात. इथल्या सखीरच्या युनिव्हर्सिटीतलीही तशीच. मग पिकअप घेऊन घरोघर फिरला आणि नऊ पोरं गोळा केली. ऊन चढायच्या आत खेळ खलास. सुट्टी संपली की टीम विमानात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून, "बॅट टाक".

मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार गाद्या लागतात. तांदळाची रिकामी पोती घेऊन तो आमच्याकडे आला. माझी बायको शिवणकाम करायची.

"वहिनी, चार गाद्या शिवून द्या जी. लहानशा."

"बाळंतपण कोणाचं आहे, भावजी?"

"पोट्ट्यांचं. वीस वर्षांचे झाले, अजून पयता येत नाही."

तिने शिवल्या, आत वाळू भरायला तोंडाशी नाडी ठेवली. तीन चौकोनी आणि एक पाच कोपऱ्यांची. खेळ त्या चौथीवरून सुरू होतो आणि पळून पुन्हा तिथेच यायचं असतं. ती तिने ब्लाउजसारखी कागदावर बेतून शिवली. पण देताना अडली. "अन्नाचं पोतं आहे. त्यावर पाय देणार?"

हा गादी उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "आधी नमस्कार करू, मग देऊ."

तेव्हापासून टीमची रीतच पडली. बॅट घेण्याआधी गादीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा. समोर फिलिपिनो लोकांची टीम असे. त्यांना वाटलं, ही काहीतरी गुप्त खूण आहे. पुढच्या शुक्रवारी तेही करायला लागले. आम्हाला हरवायचे ते हरवायचेच. इतक्या वर्षांत आम्ही एकदा जिंकलो आणि त्या दिवशी हा रडला. हरल्यावर कधी रडला नाही.

दर उन्हाळ्याच्या तोंडाला गाद्या दुरुस्तीला यायच्या. बायको ओरडायची आणि शिवायची.

दोन वर्षांपूर्वी थंडीत ती गेली. लोक आले, बोलून गेले. हा मात्र रोज यायचा. आमच्या एसीचा फिल्टर काढायचा, धुवायचा, परत लावायचा. फिल्टर रोज धुवायला लागत नाही, एवढं मलाही कळतं.

जूनमध्ये एक गादी घेऊन आला. "भाऊ, फाटली."

मी म्हटलं, "शिवणारी मेली. बाजारातून आण."

त्याने गादी तिच्या मशीनवर ठेवली आणि गेला.

मला राग आला. दोन दिवस मी मशीनकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं. तिची शिलाई जशीच्या तशी होती, पोतं शेजारून फाटलं होतं. दाभण घेतलं, सुतळी घेतली. माझा हात लाकडाचा, टाके वाकडे पडले. शुक्रवारी मीच गादी घेऊन मैदानावर गेलो. त्याने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"बेकार शिवलं," म्हणाला. "आता गाद्या तुम्हीच मांडत जा."

त्या उन्हाळ्यात मी एकही शुक्रवार घरात पडून काढला नाही.

यंदा मे महिन्यात त्याचा व्हिसा संपला. कंपनी म्हणाली, वय झालं, पुरे. तो जिवंत आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. असं कोणावर लिहिलं की माणूस गेला असंच वाटतं. अमरावतीला आहे.

निघताना एकच बोलला, "भाऊ, टीम बंद नका पडू देऊ."

मी त्याला पाच कोपऱ्यांची गादी दिली. त्याने मागितली नव्हती. बायकोच्या हातची ती सगळ्यात नीट वस्तू, द्यायला जड गेलं, खोटं कशाला सांगू. त्याने नाडी सोडली, वाळू तिथेच मैदानात ओतली आणि रिकामं पोतं घडी करून शर्टच्या आत ठेवलं.

यंदाच्या हंगामातल्या पहिल्या शुक्रवारी सातच पोरं आली. मी शिवलेली नवी गादी, चार कोपरे धड आणि पाचवा कसाबसा, त्याच वाळूवर मांडली. पोरांनी हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यात त्याचा फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला.

"गादी कुठे ठेवलीस?" मी विचारलं.

"दाराशी. इथली काळी माती भरली."

"पाय देतोस?"

"छे. वहिनी ओरडतील."

मागे ठण्ण आवाज झाला. वळून पाहिलं तर नवा पोरगा बॅट घट्ट धरून, चेंडू कुठवर जातो ते बघत उभा. ओरडायला मी तोंड उघडलं, मग फोनच पोराकडे धरला.

फोनमधून अमरावतीची आरोळी आली.

पोराने बॅट टाकली आणि पयाला.