पहिल्या आखाजीची मुलाखत

माझी सून सुषमा गणितात हुशार आहे, हे मी आमच्या सुरतेजवळच्या उधन्यात सगळ्यांना सांगते. कुणाला ऐकायचं नसलं तरी सांगते. लग्नातच तिच्या बापानं अट घातली होती, पोरगी बीएस्सी सासरी पूर्ण करील. मी म्हटलं, करू द्या, स्वयंपाक मला येतो. माझा गोपाल कापडाच्या लूमवर रात्रपाळीला. दिवसा तो घोरायचा आणि ही शेजारी बसून गणितं सोडवायची. बायका म्हणायच्या, शोभाबाई, सून डोक्यावर बसवली. बसू दे की, डोकं माझं आहे!

सत्त्याण्णव साली तिची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आम्हा खानदेशी लोकांत पहिल्या आखाजीला लेक माहेरी नसली, तर आईबापाला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. शेवटचा पेपर देऊन ती अमळनेरकडे माहेरी गेली, आणि मागोमाग तिची वर्गमैत्रीण हर्षदा धापा टाकत आमच्या दारात. विद्यापीठाच्या गणित विभागानं एमएस्सीला संगणकाचा नवा कोर्स काढला होता. जागा मोजक्या. मुलाखती जूनमध्ये होत्या, त्या अलीकडे आणल्या, नेमक्या आखाजीच्या दिवशी. याच कोर्सवर सुषमा वर्षभर डोळे लावून बसली होती.

मी पदर खोचून तडक विभागात गेले. तिथले मोठे सर गुजराती, माणूस भला. म्हणाले, बेन, मुलाखत घ्यायला बडोद्याहून साहेब त्याच दिवशी येणार, आणि अखात्रीजची आम्हाला सुट्टी नसते. जो येणार नाही त्याची जागा दुसऱ्याला. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण एवढ्या गोड बोलणाऱ्याशी भांडणार कशी?

मग एसटीडी बूथवरून तिच्या गावच्या सरपंचाकडे फोन लावला. मुलाखतीचं सांगितलं असतं तर व्याह्यांनी म्हटलं असतं, आखाजी होऊ द्या, मग बघू. म्हणून मी एवढंच बोलले, सुषमाला आजच्या गाडीनं पाठवा. आणि फोन ठेवला. शहाणपणा केला ना मी! आखाजीच्या तोंडावर लेकीला परत बोलावतात ते फक्त सासरी कुणी वारलं तरच, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं माहेर भुसावळच्या पॅसेंजरनं उतरलं. बायका तोंडाला पदर लावून, सुषमा पांढरीफटक, विहीणबाई भागीरथी कशीबशी चालतेय. आणि आमचा गोपाल नळावर दात घासत उभा! तोंडातला फेस न पुसताच त्यानं विचारलं, "काय व्हयनं?" भागीरथीबाई आधी ढसाढसा रडल्या, मग मला जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. मी सगळं ऐकून घेतलं. बोलायचा हक्क होता त्यांचा. मग मुलाखतीचं सांगितलं, आणि सगळे आखाजीपर्यंत आमच्याकडेच थांबले.

आखाजीला सुषमा मुलाखतीला गेली. दुपारी परतली, दारातूनच म्हणाली, जागा मिळाली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. पण भागीरथीबाई कोपऱ्यात तोंड पाडून बसलेल्या. पोरीची पहिली आखाजी सासरी गेली, आता गावात काय सांगू, एवढंच पुन्हा पुन्हा.

मी कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि त्यांच्या हातात ठेवल्या. "विहीणबाई, आज हे घर तुमचं. डबे, चूल, सगळं तुमचं. लेक माहेरीच आहे." आणि चपला घालून समोरच्या शेजारणीच्या दारात जाऊन बसले. माझ्याच घरातून पुरणाचा वास येत होता, बायकांची आखाजीची गाणी ऐकू येत होती, आणि मी परक्याच्या उंबऱ्यावर. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दिवेलागणीला सुषमा आली. नवं लुगडं, हातभर बांगड्या. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"माझ्या सासूबाई इथं बसल्यात म्हणे. आमच्या घरी पाहुण्यांना उपाशी ठेवत नाहीत. चला, आईनं बोलावलंय."

मी चपला पायात सरकवल्या. तिनं माझा हात धरला आणि माझ्याच घरी मला पाहुणी म्हणून घेऊन गेली.